दिघाशीचा डोंगर कोणी जाळला

इचलकरंजी सोडताना माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत मागांना लागणाऱ्या धोट्यांचे (शटलचे) नमुने आणि दुसरीत मेहुण्याकडून मागून घेतलेला कॅमेरा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी धोट्यांचा फिरता विक्रेता होतो, आणि हौस म्हणून आपल्या गावच्या मासिकात प्रवासवर्णनं लिहायचो. भिवंडीच्या त्या फेरीवरही लिहिलं होतं. ते वाचून तुमच्यापैकी काही जणांनी वाचनालयात माझ्या गळ्यात हार घातला होता, तोही झेंडूचा नव्हे, गुलाबाचा. आता मासिक बंद पडलंय आणि हार केव्हाच सुकलाय. पण वर्णन तेवढं तसंच राहिलंय, आणि ते बऱ्याच अंशी खोटं आहे. माझं वय झालं. दुरुस्त करून टाकतो.

कल्याणहून एसटी निघाली, खाडी ओलांडून कोन गाव मागे गेलं, आणि भिवंडीच्या अलीकडेच मागांचा खडखडाट कानावर पडायला लागला. इचलकरंजीच्या माणसाला तो आवाज म्हणजे घरचाच. मी लिहिलं होतं की त्या आवाजाने मन उदास झालं. साफ खोटं. मला मस्त झोप लागली होती आणि कंडक्टरने दंडाला धरून उतरवलं.

माझं गिऱ्हाईक होते बशीरभाई. घराणं पिढ्यान् पिढ्या भिवंडीतलं, मूळ खाडीकाठचं, घरात माग आणि दाराशी म्हशी. त्या दिवशी त्यांच्या पेठेत वीज बंद होती. कामगार बाहेर बाकावर बसून पत्ते कुटत होते. माझे धोटे त्यांनी हातात घेऊन बघितले आणि बाजूला ठेवले.

"धोटेवाले, आज लूम बंद, शिफ्ट बंद. धंद्याची बात उद्या. चला, दिघाशीला जाऊ. म्हशींना गवत सांगायचंय. तुमचा कॅमेरा पण हवा खाईल."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. शहर संपलं तसा मागांचा आवाज मागे पडला, दोन्ही बाजूंना भाताची कोरडी खाचरं लागली आणि समोर पिवळ्या गवताने भरलेला डोंगर दिसू लागला. होळी होऊन गेली होती. पळसावर शेवटची फुलं होती, मोहाखाली बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या. वाटेत एका झाडाखाली ताडगोळे खाल्ले. बशीरभाईंनी ताडीचंही विचारलं. मी नको म्हणालो, असं लेखात आहे.

दिघाशीत आम्ही उतरलो ते बुधाजीच्या अंगणात. बुधाजी चाळिशीचा, सडपातळ, सदा हसतमुख माणूस. गवताचा व्यवहार बशीरभाई त्याच्याशीच करत. त्याची बायको चांगुणा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"शहरातलं पाव्हणं हाय, सुकं चालंल का त्यांना?" तिने बशीरभाईंना विचारलं.

"विचारू नको भाभी, वाढ," बशीरभाई म्हणाले.

तिने सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. घरी मी मटकीची उसळ खाल्ल्याचं सांगितलं होतं आणि लेखातही उसळच लिहिली. तो बोंबील होता. मी दोनदा मागून घेतला. माझी बायको आता या जगात नाही, म्हणून लिहायचं धाडस करतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी राब भाजायचे होते, म्हणून बुधाजीने आम्हाला मुक्कामाला ठेवून घेतलं. राब म्हणजे भाताची रोपं वाढवायची जमीन. तिच्यावर शेण, पाला, गवत आणि सर्वांत वर माती असे थर रचतात आणि ते पेटवून जमीन भाजून काढतात. कोरडं गवत अगदी बांधाला लागून, आणि त्याच्यामागे सगळा डोंगर. एवढ्याने डोंगर दरवर्षी कसा पेटत नाही, हे मला कळेना.

सकाळी कळलं. राब ज्याचा त्याचा असला तरी भाजायला सगळा गाव येत होता. बायका ओली गोणपाटं खांद्यावर घेऊन बांधावर उभ्या, पुरुषांच्या हातात हिरवे टहाळे (पानांनी भरलेल्या फांद्या). डोंगराच्या पायथ्याशी होळीनंतर सगळ्यांनी मिळून गवत आधीच जाळून एक काळा पट्टा करून ठेवलेला. त्याला जाळरेषा म्हणतात. एक राब पूर्ण विझल्याशिवाय दुसरा पेटवायचा नाही. आणि या सगळ्यावर हुकूम ठमाकाकीचा. पाठीतून वाकलेली, एका डोळ्याने अधू, पण आवाज असा की बैलसुद्धा थांबावेत. ती मुठीतून राख सोडायची, राख कुठे जाते ते बघायची आणि बोट दाखवायची. वारा ज्या टोकाला जातो, त्या टोकाला आग लावायची. मग आग वाऱ्याच्या तोंडावर रांगत, धुमसत मागे येते. जाळ नाहीच, नुसता धूर.

"उलट्या टोकाला लावली तर?" मी विचारलं.

"तर ती पळंल," ठमाकाकी म्हणाली, "आन् मंग तू पळशील."

उन्हं चढली, खाडीकडून वारा सुटला. ठमाकाकीने राख सोडली. ती सरळ डोंगराच्या दिशेने उडाली. "बास. बुधाजीचा राब उद्या." सगळे पांगले. बुधाजी बैलांना पाण्यावर घेऊन गेला. निखाऱ्यांचं खापर त्याने बांधाच्या आडोशाला ठेवलं आणि मला बजावलं, "भाऊ, याला हात नका लावू. मी आलोच."

आणि मग आम्ही फोटो काढला.

माझा विचार साधा होता. राबाच्या जाळापुढे मी, हातात टहाळा, चेहऱ्यावर गांभीर्य. मासिकाच्या पहिल्या पानावर. मी बुधाजीच्या राबाला चिमूटभर विस्तव लावला, आणि तोही ठमाकाकीने शिकवलेल्या टोकाला. बशीरभाईंनी कॅमेऱ्यातून बघितलं.

"धोटेवाले, नुसता धूर हाय. तुम्ही तर भुतासारखे दिसता."

"जाळ पाहिजे."

"मंग जाळ करा ना!"

मी उरलेलं खापर पलीकडच्या टोकाला उपडं केलं. वाऱ्याच्या बाजूला. क्षणात जाळ उभा राहिला, छान, कमरेएवढा. बशीरभाई ओरडले, "हां हां, हलू नका!" मी हललो नाही. आग हलली. माझ्या पायाजवळून बांधावर चढली, बांधावरून गवतात उतरली, आणि मी टहाळा धरून अजून गंभीरच उभा होतो. (तो फोटो पुढे धुऊन आला. त्यात बशीरभाईंचा अंगठा तेवढा उत्तम आला आहे.)

कोणीतरी थाळी बडवली. त्यानंतर जे बघितलं ते मी पुन्हा कुठे बघितलं नाही. धावपळ होती पण गोंधळ नव्हता. बायकांनी गोणपाटं भिजवून बांध धरले. पुरुष आगीच्या दोन्ही अंगांना ओळीने लागले आणि टहाळ्यांनी झोडपत तिला अरुंद करत गेले. समोरून आडवं जायचं नाही, कडेने दाबायचं. काही जण वर जाळरेषेवर जाऊन उभे राहिले. जाळरेषेच्या अलीकडची डोंगराची एक सोंड (उतरता भाग) मात्र गेली. गावाच्या गुरांचं गवत होतं ते. आग काळ्या पट्ट्यापर्यंत आली, तिथे खायला काही मिळेना, आणि बसली.

मी लेखात लिहिलं होतं, 'मी आगीच्या तोंडाशी उभा राहिलो.' मी विहिरीच्या तोंडाशी उभा होतो. पाणी शेंदायला मला लावलं होतं, आणि माझ्या हातून बादली आत पडली. ती काढायला आग सोडून एक माणूस आला. येताना त्याने मला ज्या शब्दाने हाक मारली, तो इथे लिहिता येत नाही.

दिवस कलायच्या आत मारुतीच्या देवळापुढे सगळे जमले. गावाचा एक नियम होता, आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. ज्याच्या हातून आग सुटली, त्याने पुढे डोंगर राखायचा. दुसरं काही नाही. शिव्या नाहीत, बहिष्कार नाही. त्याने रोज पायथ्याशी बसायचं आणि दुसऱ्या कोणाच्या हातून सुटू द्यायची नाही. पुन्हा कोणी चुकला की राखण त्याच्याकडे जाते.

"आग कुणाची?" ठमाकाकीने विचारलं.

मी तोंड उघडलं. बशीरभाईंनी माझ्या पायावर पाय दिला. खरं सांगायचं तर एवढ्या जोरात देण्याची गरज नव्हती.

"माझी," बुधाजी म्हणाला. "राब माझा, खापर मीच ठेवलं व्हतं." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाहुण्याला वाचवावं, एवढंच त्याच्या मनात असणार.

मी तोंड मिटलं. घरी येऊन लिहिलं, 'एका शेतकऱ्याच्या हलगर्जीपणामुळे अनर्थ ओढवला.' तुम्ही हार घातला.

त्यानंतर बरीच वर्षं भिवंडीला गेलो तरी धोटे विकून परस्पर मागे फिरायचो. बशीरभाई कधी विषय काढत नसत, मीही नाही. पण उन्हाळ्यात कुठे डोंगरावर धूर दिसला की मी मान फिरवायचो. तिथे एक माणूस माझ्यामुळे तापलेल्या खडकावर बसला आहे, हे डोक्यातून जायचं नाही. नव्वदच्या दशकात धोट्यांच्या कंपनीतून मोकळा झालो आणि ठरवलं, जायचं आणि सांगून टाकायचं. होळीनंतर गाव जमतं हे माहीत होतं. त्याच सुमाराला निघालो.

भिवंडी ओळखू येत नव्हती. जिथे शेतं होती तिथे गोदामं आली होती. बशीरभाईंची दाढी पांढरी झाली होती.

"चला बरोबर," मी म्हटलं. "दोघांनी मिळून कबूल करू."

"मी कशाला? मी तर सिर्फ फोटो निकाला," ते म्हणाले, आणि वाडा गावाकडे जाणाऱ्या एसटीत मला स्वतः बसवून दिलं, मी परत उतरू नये म्हणून सुटेपर्यंत उभे राहिले.

दिघाशीत उतरलो आणि डोंगराकडे चालू लागलो. पायथ्याशी कोणीतरी कडक शिटी फुंकली.

"ओ पाव्हणं! काडेपेटी काढा!"

आंब्याखालच्या सपाट दगडावर एक माणूस बसला होता. अंगात खाकी सदरा, गळ्यात शिटी, हातात काठी. त्याच्यापुढे दगडावर काडेपेट्या आणि विड्यांची बंडलं मांडलेली. वर जाणाऱ्या प्रत्येकाने आपली इथे ठेवायची आणि उतरताना न्यायची. मला ओळखल्यावर तो उठून मिठीच मारायला आला.

"धोटेवालं भाऊ! कवा आलात?"

बुधाजी होता. पण मी मनात ठेवलेला तो कोमेजलेला बुधाजी हा नव्हे. माझ्या डोळ्यांदेखत त्याने एका पांढऱ्या टोपीवाल्याला थांबवलं.

"सरपंच, खिसा."

"अरे, मी सरपंच हाय!"

"म्हनून तर आदी तुमचा खिसा."

सरपंचाने लायटर काढून दगडावर ठेवला. मोह वेचायला निघालेल्या बायकांना बुधाजी प्रत्येकीला एकेक खराटा देत होता, कारण पूर्वी मोहाखालचा पाला पेटवून जागा साफ करायचे आणि त्याच आगी पसरायच्या. "झाडा, पेटवू नका," असं तो अशा थाटात सांगत होता की जणू खराट्याचा शोध त्याचाच.

घरी चांगुणावहिनींनी भाकरी वाढता वाढता सांगितलं, "शिक्षा म्हनून बसवला, तवापास्नं आग न्हाय लागली, आन् दुसरा कोनी बसला न्हाय. घरात याचं कुत्रं ऐकत न्हाय, भावजी. तिथं सरपंच ऐकतो. मंग हा घरी येतोय कशाला?"

बुधाजी लाजून हसला. मी त्याला बाजूला घेतलं आणि आलो कशाला ते सांगितलं. त्याचं हसू गेलं.

"भाऊ, येडं झालात का?"

"मला सांगितलंच पाहिजे. तू माझी शिक्षा भोगलीस."

"कुठली शिक्षा? अवो, तुमी सांगितलंत तर राखन कुनाची? नियम काय हाय? ज्याची आग त्याची राखन. मंग मी कोन?" त्याने शिटी मुठीत घट्ट धरली. "हात जोडतो. सकाळच्या गाडीनं जावा. बोंबील बांधून देतो."

आता सांगा, काय करायचं? माझ्या छातीवरचं ओझं उतरवायचं तर त्याच्या गळ्यातली शिटी जात होती. मी सबंध दुपार विचार केला. आणि मी स्वार्थी माणूस, म्हणून संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं तेव्हा सभेत उभा राहिलो.

"तो डोंगर मी जाळला," मी म्हणालो.

"खोटं बोलतोय!" बुधाजी उडीच मारून उठला. "आग माझी. पाव्हन्याला ऊन लागलंय."

"माझीच!"

"माझी! पंचायतीपुढं कबूल केलीया मी!"

लोकांना एवढी मजा कधी आली नसावी. पोरं झाडावर चढून बसली. कोणीतरी म्हणालं, "दोघांना अर्धा अर्धा डोंगर द्या." ठमाकाकी आता पार दुमडली होती. तिने हात वर केला तसे सगळे गप्प झाले.

"बाबा, तू आग कुठल्या अंगाला लावलीस?"

"वाऱ्याच्या."

"कशाला?"

"फोटोत जाळ दिसावा म्हणून."

तिने माझ्याकडे तिच्या चांगल्या डोळ्याने बघितलं. "मंग तूच," ती म्हणाली. "बुधाजी येडा हाय, पन एवढा न्हाय." आणि बुधाजीकडे हात केला. "शिटी दे त्याला."

बुधाजीने शिटी काढली. दोरी कानाला अडकली, ती सोडवायला त्याला वेळ लागला. मग त्याने ती माझ्या गळ्यात घातली. मला वाटलं होतं, कबुली दिली की हलकं वाटेल. ती शिटी दिसते तेवढी हलकी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दगडावर मी. गावाने मला असं खेळवलं की सांगायची सोय नाही. एकाने रिकामी काडेपेटी ठेवली आणि भरलेली टोपीत घालून गेला. एका म्हातारीने माझ्याकडे विडी पेटवायला काडी मागितली, मी समोरचीच उचलून दिली आणि मग मलाच शिटी वाजवावी लागली. सरपंच लायटर न ठेवता हसत हसत गेला. बायकांनी खराटे घेतले आणि दोघीतिघींनी ते माझ्या पाठीमागे ठेवून दिले. पलीकडच्या बांधावर बुधाजी माझ्याकडे पाठ करून बसलेला असायचा. काम काही नसायचं. कोणी मला फसवलं की त्याची मान वळायची आणि पुन्हा सरळ व्हायची. घरी तो जेवत नव्हता. चांगुणावहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या, आणि ताटात आता खरंच उसळ येत होती.

"तो म्हनतो, डोंगर पेटनार," त्या शेवटी भिंतीकडे बघून म्हणाल्या. "तुमच्या हाताखाली पेटनारच."

खरं होतं. खाडीचा वारा दिवसेंदिवस वाढत होता. डोंगरावर गवत गुडघाभर उभं होतं, आणि ते माझ्या भरवशावर होतं. मी शिटी परत द्यायला ठमाकाकीकडे गेलो. तिने हातसुद्धा लावला नाही.

"नियम हाय. दुसरा कोनी चुकंपरयंत तूच."

मी ते बुधाजीला जसंच्या तसं सांगितलं.

पुढच्या सकाळी तो दगडापाशी आला. स्वच्छ सदरा घातलेला, भांग पाडलेला. उघड्या कातळावर त्याने सागाचं एक मोठं वाळलेलं पान ठेवलं. भोवतालचा कचरा हाताने झाडून काढला. मुठीतून राख सोडून वारा बघितला. मग पानाच्या बरोबर त्या टोकाला, जिकडे वारा जात होता, काडी लावली.

पान धुमसायला लागलं. बुधाजी माझ्याकडे बघत राहिला.

"भाऊ," तो दबक्या आवाजात म्हणाला, "माझ्या हातनं आग सुटली. शिटी फुका ना!"

मला उशिरा समजलं, पण समजलं तेव्हा जीव खाऊन फुंकली. गावात थाळी वाजली. बायका ओली गोणपाटं घेऊन पळत आल्या, पुरुष टहाळे घेऊन आले, सरपंच अर्ध्या दाढीला साबण लावलेला आला. सगळे धापा टाकत कातळाभोवती उभे राहिले. मधोमध पान विझत आलं होतं. एका बाईने तरीही त्यावर गोणपाट आपटलंच.

ठमाकाकीला दोघांनी धरून वर आणलं. तिने पानाकडे बघितलं.

"काय जळलं?"

"सागाचं पान, काकी," बुधाजी म्हणाला. "एक आख्खं."

"कुनी लावली?"

"मी. हा राखनदार साक्षीला हाय."

"मी बघितलं," मी म्हणालो. "याने माझ्या डोळ्यांसमोर लावली. मी अडवू शकलो नाही."

कोणी हसत नव्हतं. सगळे ठमाकाकीच्या तोंडाकडे बघत होते. सरपंचाने हळूच लायटर काढून दगडावर ठेवला.

"आग ती आग," ठमाकाकी म्हणाली. "शिटी त्याला दे." आणि उतरता उतरता बडबडली, "बगा, लावली पन कशी सरळ टोकाला."

बुधाजीने शिटी गळ्यात घातली, दगडावर बसला आणि पहिल्यांदा माझाच खिसा तपासला.

दुपारच्या एसटीने मी निघालो. वहिनींनी बोंबलाची पुरचुंडी दिली, ती घरी पोचेपर्यंत सगळ्या गाडीला कळली. वाटेत मी हिशोब मांडत होतो की एवढं करून मी नेमकं काय मिळवलं. शिक्षा भोगायला गेलो होतो, ती चार दिवसांत माझ्याकडून काढून घेतली, कारण मी तिच्या लायकीचा ठरलो नाही. क्षमा कोणी केली नाही, कोणाकडे मागितलीही नव्हती. मला वाटायचं मी बुधाजीवर डाग टाकला. त्या डागावर त्याने सबंध डोंगर हिरवा ठेवला होता, आणि तो पुसायला गेलो तर तोच आडवा आला.

तर आपल्या गावच्या वाचकांसाठी नोंद अशी. दिघाशीच्या डोंगराची ती सोंड मी जाळली. बुधाजीने जाळलं ते सागाचं एक पान. पुढे तिकडचं कोणी भेटलं आणि मी विचारलं, तर माझी आग कोणालाच आठवत नाही. पानाची मात्र सगळे सांगतात, आणि प्रत्येक वेळी ते पान थोडं मोठं झालेलं असतं.